गाळणीची साक्ष : खिशातल्या सिगारेट-होल्डरची समीक्षा



या मालेत आपण रोजच्या वापरातली एखादी वस्तू घेतो आणि पुस्तकाची करावी तशी तिची समीक्षा करतो. वस्तू काय म्हणते, कोणाला म्हणते आणि म्हटलेलं खरं करून दाखवते का, एवढेच आपले तीन प्रश्न असतात. आजची वस्तू बोटाएवढी आहे. सिगारेट ओढायचा फिल्टरवाला होल्डर. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी मावतो, धुऊन पुन्हा वापरता येतो आणि आजकाल घरबसल्या मागवता येतो.

हा विषय घ्यायचं कारण आधी सांगतो. सिगारेट ओढणारा सिगारेट स्वतःच विकत घेतो. हा होल्डर मात्र पुष्कळदा घरातलं दुसरं कोणीतरी आणून देतं. मुलगी बाबांना देते, बायको नवऱ्याला देते. 'सोडा' म्हणून थकलेली माणसं शेवटी 'निदान हे तरी लावा' म्हणतात. म्हणजे या वस्तूत मायेची गुंतवणूक आहे. म्हणूनच तिच्याकडे जरा कठोरपणे पाहिलं पाहिजे, असं आम्हाला वाटतं.

आधी वस्तू हातात घेऊ. एका टोकाला सिगारेट खोचायची, दुसरं टोक ओठात धरायचं. मधला भाग फिरवला की उघडतो. आत काय आहे त्यावरून मुख्यतः दोन जाती पडतात. एकीत बारीक स्फटिकांनी भरलेली नळी असते. हे स्फटिक म्हणजे सिलिका जेल, नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषायला जी पुडी टाकतात तिच्यातलंच. नळी काळपट झाली की काढून टाकायची, नवी घालायची. दुसऱ्या जातीत टाकून द्यायचं काही नसतं. धुराच्या वाटेत एक अगदी बारीक छिद्र असतं आणि छिद्रासमोर भिंत. झुरका घेतला की धूर छिद्रातून वेगानं सुटतो आणि भिंतीपाशी त्याला वळावं लागतं. एसटी वेगात वळली की उभे प्रवासी कसे एका बाजूला आपटतात? तसंच इथं होतं. हवा वळून निघून जाते, धुरातले जड थेंब मात्र आपटतात आणि भिंतीला चिकटून राहतात.

चार-पाच सिगारेटी झाल्या की होल्डर उघडायचा. आत काकवीसारखा दाट, तपकिरी, उग्र वासाचा चिकटा दिसतो. कागदानं पुसायचा, की वस्तू पुन्हा तयार. ज्यानं हा चिकटा पहिल्यांदा पाहिला त्याच्या मनात एकच वाक्य येतं : 'बाप रे, हे सगळं माझ्या छातीत जात होतं!' आणि लगेच दुसरं येतं : 'आता जात नाही.' आमची सगळी समीक्षा या दोन वाक्यांच्या मधल्या जागेबद्दल आहे. पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं त्यातून निघत नाही.

आता न्यायानं बोलायचं तर वस्तूच्या बाजूचं आधी मांडलं पाहिजे. तो चिकटा खोटा नाही. त्याला टार म्हणतात आणि तो घातक आहे. १९५३ साली अमेरिकेत अर्न्स्ट विंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिगारेटच्या धुराचं टार उंदरांच्या पाठीवर वारंवार लावलं. त्यांतल्या ४४ टक्के उंदरांना कर्करोग झाला. तेव्हा जो होल्डर थोडं टार अडवतो, तो काहीतरी अडवतो हे मान्य. धूर थोडा थंड होतो, बोटं पिवळी पडत नाहीत, तंबाखूचे कण तोंडात येत नाहीत. एवढं काम तो चोख करतो. कारागिरी म्हणून पाहिलं तर वस्तू हुशार आहे. इतक्या लहान नळीत, एकही हलता भाग नसताना हे साधणं सोपं नव्हे.

मग तक्रार कुठे आहे? तक्रार धुराच्या व्याख्येपाशी आहे. धूर म्हणजे थेंब अधिक वायू. थेंब दिसतात, वायू दिसत नाहीत. झुरका घेताना सिगारेटचं जळतं टोक ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं. तिथं पुरेसा ऑक्सिजन नसतो, म्हणून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. परिणामी हृदयाला त्याच कामासाठी जास्त राबावं लागतं आणि ऑक्सिजन मात्र कमी मिळतो. हा वायू त्या बारीक छिद्रातून हवेबरोबर सहज निघून जातो. जाणारच. जी वाट हवेला मोकळी आहे ती त्यालाही मोकळी आहे. कोळशाच्या फिल्टरमध्ये काही वायू अडकतात, पण कार्बन मोनॉक्साइड त्यातूनही पार होतो.

थेंबांचंही तसंच आहे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. धुरातले बहुतेक कण त्याहूनही लहान असतात. भिंतीवर आदळतात ते मोठे, जड. लहान कण हवेबरोबर वळून जातात आणि फुप्फुसात खोलवर पोहोचू शकतात. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं आहेत, त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोग करणारी म्हणून ओळखली जातात. होल्डर उघडल्यावर आपल्याला दिसतो तो या सगळ्या जमावातला पकडला गेलेला भाग. सुटून गेलेल्यांची मोजदाद त्या कागदावर उमटत नाही.

तिसरी गोष्ट शरीराची. ओढणारा माणूस टारसाठी ओढत नाही, निकोटीनसाठी ओढतो. शरीर निकोटीनचा हिशेब वाण्याच्या वहीसारखा चोख ठेवतं. गाळणीनं थोडं निकोटीन अडवलं, तर शरीर ते वसूल करतं. झुरका लांबतो, धूर छातीत जास्त वेळ थांबतो, दिवसाकाठी एखादी सिगारेट वाढते. हे ठरवून होत नाही, ओढणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. त्याला वाटतं, मी गाळून ओढतो आहे.

इथं आपण समीक्षेच्या गाभ्याशी येतो. या वस्तूचा सर्वांत मोठा गुण कोणता? ती पुरावा दाखवते. सिगारेटच्या टोकाला जो कापसासारखा फिल्टर येतो तो ओढून झाला की पायाखाली चिरडला जातो. कोणी उघडून पाहत नाही. होल्डर मात्र दर चार दिवसांनी उघडायलाच लागतो. प्रत्येक वेळी तो सांगतो, 'बघ, एवढं वाचवलं.' कोर्टात साक्षीदार खोटं बोलत नसेल, पण विचारलेल्या निम्म्याच गोष्टींची उत्तरं देत असेल, तर त्याला आपण काय म्हणू? ही गाळणी तसा साक्षीदार आहे.

डोळ्यांना दिसणाऱ्या पुराव्याची ही ताकद धंद्याला फार पूर्वी कळली होती. १९५० साली अमेरिकेत फिल्टरच्या सिगारेटी शंभरात एकसुद्धा खपत नव्हती. त्याच वर्षापासून सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे मोठे अभ्यास प्रसिद्ध होऊ लागले, लोक घाबरले, आणि १९६० पर्यंत विकल्या जाणाऱ्या सिगारेटींपैकी जवळपास निम्म्या फिल्टरच्या झाल्या. या घाईच्या काळात, १९५३ साली, आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ क्लॉड टीग यांनी एक कल्पना कागदावर मांडली. धूर लागला की रंग बदलेल असं द्रव्य फिल्टरमध्ये घालायचं. त्यानं फिल्टरच्या कामात फारसा फरक पडणार नाही, पण जाहिरातीला आणि विक्रीला उघड फायदा होईल, असा त्यांचा हिशेब होता. ही कागदपत्रं पुढे कोर्टकज्ज्यांत बाहेर आली. म्हणजे फिल्टरचं काळं पडणं हेच विकायचं होतं. होल्डरच्या आतला चिकटा कोणी रंगवून ठेवलेला नाही, तो खरा आहे, हा फरक आम्ही विसरत नाही. पण दोन्ही ठिकाणी ग्राहकाच्या मनात घडतं ते एकच. डाग पाहून तो निश्चिंत होतो.

गाळणीवर आंधळा विश्वास टाकला की काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे. १९५२ ते १९५६ या काळात लोरिलार्ड कंपनीच्या केंट सिगारेटला 'मायक्रोनाइट' नावाचा फिल्टर होता आणि आरोग्य जपणारा म्हणून त्याचा गाजावाजा होता. त्यात निळा ॲस्बेस्टॉस होता. हा फिल्टर जिथं बनत असे त्या मॅसॅच्युसेट्समधल्या कारखान्यात १९५३ साली काम करणाऱ्या ३३ कामगारांचा पुढे अभ्यास झाला. १९८९ साली तो प्रसिद्ध झाला तोवर त्यांतले २८ वारले होते, एरवी अपेक्षित असलेल्या मृत्यूंच्या तिपटीहून जास्त. आजच्या होल्डरमध्ये ॲस्बेस्टॉस नसतो, त्याच्यावर हा आरोप नाही. पण 'फिल्टर आहे ना, मग ठीक' या वाक्यात केवढा धोका लपू शकतो, ते यावरून दिसतं.

आता जरा वंशावळ पाहू. कारण कोणी म्हणेल, धूर गाळणं ही पाश्चात्त्य टूम आहे. तसं नाही. आपल्याकडे चिलीम आहे. खिशात, कमरेला, झोळीत मावणारी मातीची नळी. आत एक खडा, म्हणजे तंबाखू खाली घसरू नये. आणि तोंडाशी छापी, म्हणजे ओल्या फडक्याची घडी. दाभोलकरांच्या 'श्री साईसच्चरिता'त, पाचव्या अध्यायात, चांद पाटलाची कथा येते ती आठवा. हरवलेली घोडी शोधत निघालेल्या पाटलाला आंब्याखाली एक फकीर भेटतो. चिलीम आहे, तंबाखू आहे, पण विस्तव नाही आणि छापी भिजवायला पाणी नाही. फकीर चिमटा जमिनीत खुपसून निखारा काढतो, सटका आपटून पाणी काढतो, छापी भिजते, पिळून चिलमीला गुंडाळली जाते. श्रद्धेनं वाचणाऱ्यांना त्यात चमत्कार दिसतो, त्याबद्दल आपल्याला इथं काही म्हणायचं नाही. आपल्या विषयापुरता तपशील असा, की विस्तवाइतकीच छापीही लागते. तिच्यावाचून चिलीम पुरी होत नाही.

पण छापी काय म्हणते? ती म्हणते, धूर गार होईल, राख तोंडात येणार नाही, ओठ भाजणार नाहीत. एवढंच. 'मी आहे म्हणून ओढायला हरकत नाही,' असं छापी म्हणत नाही. चिलीम पिणाऱ्याच्या छातीचं छापीमुळे भलं झालं असं आम्ही मुळीच सुचवत नाही. कार्बन मोनॉक्साइड ओल्या फडक्यालाही जुमानत नाही. फरक वचनाचा आहे. छापीनं दिलेलं वचन लहान आहे आणि ती ते पाळते.

वचन मोठं झालं ते हुक्क्यापाशी. अकबराच्या दरबारातल्या असद बेगानं लिहून ठेवलं आहे, की त्यानं विजापूरहून तंबाखू आणली आणि बादशहापुढे ठेवली. ही १६०४ च्या सुमाराची गोष्ट. अकबरानं झुरका घेतला, हकिमांनी हरकत घेतली, वाद झाला. या दरबाराशी जोडलेली दुसरी एक कथा लोकप्रिय आहे : हकीम अबुल फतह गिलानी यांनी धूर पाण्यातून नेऊन निर्दोष करायची युक्ती काढली आणि हुक्का जन्मला. आता हे हकीम १५८९ सालीच वारले होते. म्हणजे दरबारात तंबाखू येण्याआधीच तिच्यावरचा उतारा तयार! कथा टिकली, कारण तिची गरज होती. गाळणीखाली वैद्याची सही असली की ओढणाऱ्याला बरं वाटतं. पाण्यातून गेल्यानं धूर निर्दोष होत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली हुक्क्यावरच्या टिपणात स्पष्ट सांगितलं. तरी 'पाण्यातून येतो हो' हे वाक्य अजून ऐकू येतंच.

होल्डरची पाश्चात्त्य वंशावळ वेगळी आणि मोठी रंजक आहे. तिथं होल्डर आधी आला, फिल्टर नंतर घुसला. जुना होल्डर लांब असे, कारण तो दिसावा म्हणून होता. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या छायाचित्रांत हनुवटी वर आणि होल्डर आभाळाकडे, असा बेफिकीर कोन दिसतो. १९६१ सालच्या 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज'मधल्या ऑड्री हेपबर्नचा होल्डर तर चांगलाच लांब. मग वस्तू आखूड होत गेली आणि तिच्या पोटात गाळणी आली. अमेरिकन पत्रकार हंटर थॉम्पसन यांच्या तोंडात कायम दिसणारा टारगार्ड हा अशा फिल्टरवाल्या होल्डरचा गाजलेला नमुना. अंगावर कुठलंही व्यसन ओढवून घ्यायला न कचरणारा हा माणूस सिगारेट मात्र गाळून ओढत असे, यात एक विनोद आहे. त्यांच्याकडे तो ऐटीचा भाग बनला. बाकीच्यांकडे तो खिशात गेला. दाखवायची वस्तू लपवायची झाली, दागिन्याचं औषध झालं. लांब होल्डर म्हणत होता, 'माझ्याकडे बघा.' खिशातला होल्डर म्हणतो, 'माझी काळजी करू नका.'

आणि काळजी करू नका म्हणणाऱ्या या वस्तूला कायद्याची कात्री लागत नाही. आपल्याकडे २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आहे. २०१६ पासून सिगारेटच्या पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रासह इशारा छापावा लागतो. पण हा कायदा ज्या वस्तूंना लागतो त्यांच्या यादीत तंबाखूचे पदार्थ आहेत. होल्डरमध्ये तंबाखू नसते. त्यामुळे पाकिटावर भयंकर चित्र, आणि शेजारच्या होल्डरच्या खोक्यावर 'स्वच्छ', 'सौम्य' असले शब्द खुशाल. एकाच टेबलावर दोन खोकी, एक घाबरवतं, दुसरं समजूत काढतं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. 'अहो, पण काहीच नसण्यापेक्षा थोडं तरी बरं ना?' प्रश्न रास्त आहे, आणि सुदैवानं त्याचं उत्तर एका मोठ्या अनुभवातून मिळालेलं आहे. 'लाइट' सिगारेटी याच तर्कावर विकल्या गेल्या. त्यांच्या फिल्टरच्या कागदाला बारीक छिद्रं असत, त्यांतून हवा मिसळे आणि यंत्रावर टार कमी भरे. यंत्र मिनिटाला एक, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा झुरका घेई. माणूस यंत्रासारखा ओढत नाही. त्याची बोटं, त्याचे ओठ ती छिद्रं झाकत, आणि बाकीची वसुली तो लांब झुरक्यानं करी. २००१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं सगळे पुरावे तपासून सांगितलं, की या बदलांनी लोकांच्या आरोग्याला फायदा झाल्याचं दिसत नाही. २००६ साली न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी कंपन्यांना 'लाइट', 'लो टार' हे शब्द वापरायला मनाई केली. २०१४ च्या अमेरिकी सर्जन जनरलच्या अहवालानं तर, फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमा या कर्करोगाचा धोका वाढण्यामागे सिगारेटच्या रचनेतले बदल आहेत, असं म्हटलं. सच्छिद्र फिल्टरकडेही संशयाचं बोट दाखवलं. होल्डर म्हणजे हुबेहूब लाइट सिगारेट नव्हे. पण 'थोडं तरी बरं' हा तर्क तोच आहे, आणि तो एकदा कोट्यवधी माणसांवर करून पाहून झालेला आहे.

यापुढचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. होल्डरची खरी किंमत त्याच्या खोक्यावर नसते, ती वेळात मोजावी लागते. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या सिगारेट ओढण्याचा अभ्यास सुरू केला. पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ साली आले. आयुष्यभर ओढत राहणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी जवळजवळ दहाही वर्षं परत मिळवली, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा, साठाव्या वर्षी तीन. या आकड्यांकडे होल्डर हातात घेऊन पाहा. ज्या माणसाला भीती वाटू लागली आहे, खोकला आला की जो दचकतो, तोच गाळणीला गिऱ्हाईक होतो. ती भीती त्याला सोडण्याच्या उंबरठ्यापर्यंत घेऊन आलेली असते. होल्डर त्याला तिथं बसायला पाट देतो. चाळिशीत पाटावर बसलेला माणूस पन्नाशीत उठला, तर मधली तीन वर्षं गेली. छातीत उठलेली भीती त्या गाळणीत अडकली आणि दर चार दिवसांनी कागदानं पुसली गेली.

तेव्हा निवाडा असा. रचना म्हणून वस्तू चांगली, काम म्हणून अर्धवट, आणि अर्थ म्हणून दिशाभूल करणारी. ज्यांनी मायेनं ती आणून दिली त्यांची माया खोटी ठरत नाही. फक्त त्या मायेला याहून चांगली वाट आहे. निकोटीनच्या तलफेवर च्युइंगम आहे, डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्यायची औषधं आहेत, आणि १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत क्रमांक आहे. पहिल्या खेपेला सुटत नाही, पुष्कळांना तीन-चारदा प्रयत्न करावा लागतो, हेही घरच्यांनी मनाशी धरावं.

आणि ज्यांच्या घरी हा होल्डर आधीच आहे त्यांना एवढंच सांगू : तो पुढच्या वेळी उघडाल तेव्हा तो चिकटा टाकू नका, जरा वेळ पाहा. पहिलं वाक्य मनात येऊ द्या, ते खरं आहे. दुसऱ्या वाक्यापाशी थांबा आणि त्याऐवजी फोन लावा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.